माझ्या हातचं रुखवत

मला शिवता येत नाही, विणता येत नाही आणि रांगोळीची सरळ रेघही काढता येत नाही. आता या वयात हे सांगायला मला काही वाटत नाही. पण लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा हीच गोष्ट मी चार वर्षं पोटात दाबून ठेवली होती. ती दाबण्यात माझा जेवढा जीव गेला, तेवढ्यात एखादी बाई चार सतरंज्या विणून मोकळी झाली असती.

माझं माहेर गारगोटीचं. संस्थान विलीन झालं त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलीच्या लग्नात मांडवात रुखवत मांडायचं, ही आमच्याकडची रीत. मण्यांची तोरणं, खारकेची बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी, कापसाचे ससे, आणि मध्ये लाडू-करंज्यांच्या चळती. हे सगळं नवरीनं आपल्या हातानं करायचं, म्हणजे मुलगी किती गुणाची आहे ते नवऱ्याकडच्यांना दिसतं. माझं रुखवत माझ्या मावशीनं आणि आळीतल्या दहा-बारा बायकांनी केलं. मी मणी निवडले आणि सगळ्यांना चहा दिला. एकदा हौसेनं एका सशाला कान लावायला बसले, तर मावशी म्हणाली, "बाळ, तू ऊठ. हे गाढाव झालंया." प्रत्येक वस्तूवर तिनं एकेक चिठ्ठी लावली, 'वधूच्या हातचे'. मी जरा कुरकुरले, तर म्हणाली, "समद्याच लिवत्यात. कोन इचारतंय?"

विचारणारी भेटली. माझी सासू.

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. आमच्या आत्या उंच, सडसडीत, आणि आवाज असा की त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात हाक मारली की गल्लीच्या टोकाला कुत्रं उठून बसायचं. सासरे शाळामास्तर, नवरा कचेरीत कारकून, दोघेही मऊ. घर चालायचं ते आत्यांच्या आवाजावर. मांडवात त्यांनी माझं रुखवत पाहिलं आणि त्या चक्क खाली बसल्या. एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मग ते सगळं जपून कोल्हापूरला आणलं आणि सोप्यातल्या काचेच्या कपाटात मांडलं. त्या कपाटात आधी मामंजींची पुस्तकं होती. ती माळ्यावर गेली.

घरात कुणीही येवो, पोस्टमन का असेना, आत्या त्याला कपाटापुढं उभं करायच्या. "आमच्या सुनंच्या हातचं. बघा की! त्या सशाचं डोळं बघा. गुंजा हायत्या गुंजा." मी चहाचं ताट घेऊन खाली मान घालून उभी. लोकांना वाटायचं, काय विनयी पोर आहे.

सांगून का टाकलं नाही, असं कुणीही विचारेल. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची लाज आडवी आली. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. माझी भाकरी जाड, माझा रस्सा पातळ, माझी जीभ लांब. दिवसभर आत्यांचा पट्टा चालायचा. माझ्यातली एकच गोष्ट त्यांना आवडायची, आणि ती माझी नव्हती. ती पण सांगून घालवली तर मग उरणार काय, या भीतीनं मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते फारच जड गेलं.

कुणी म्हणालं, "आमच्या पोरीला जरा तोरण शिकवा की," तर माझं डोकं दुखायचं. डोकं दुखून झालं की डोळे दुखायचे. मग पहिलं बाळंतपण आलं, त्यात वर्ष निभावलं. असं करत करत चार वर्षं काढली.

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं.

मुलगा जयसिंगपूरचा, शाळेत शिक्षक. मुलगी बघायला त्याची आत्या आली होती. ती आमच्या आत्यांची थोरली बहीण शोभावी अशी, ठसक्याची. तिनं नणंदेला दोन प्रश्न विचारले आणि मग सगळा वेळ कपाटापुढं घालवला. जाताना म्हणाली, "पोरगी पसंत हाय. आमचं मागणं काय न्हाय. पर रुखवत असलं पायजे. ह्याच हातचं. आमच्याकडं ह्ये कुनी बघितलं न्हाय अजून."

आत्या ताडकन म्हणाल्या, "ह्याच्या दुप्पट देतो. सून हाय की घरात!"

लग्न माघात होतं. हातात दोन महिने होते. मी त्या रात्री जेवले नाही. आत्या म्हणाल्या, "आत्तापासनं इचार करायलीया बघा पोर, काय काय करायचं त्याचा."

आधी वाटलं, करून बघू. माणसाच्या हातानंच होतं ना सगळं? आत्या रोज तीन वाजता अंबाबाईच्या देवळात पुराण ऐकायला जायच्या, त्या पाचला परत यायच्या. त्या दोन तासांत मी दार लावून हिरव्या खणाचा पोपट शिवायला बसले. तीन दुपारी त्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी नणंद आत आली, माझ्या मांडीवरची वस्तू उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "वैनी, ह्ये वांगं कशाला शिवलंसा?"

मी रडायलाच लागले. रडता रडता सगळं सांगून टाकलं. मावशी, चिठ्ठ्या, गाढवाचे कान, सगळं. ती आधी पोट धरधरून हसली. मग तिनं ते वांगं हळूच माझ्या मांडीवर ठेवलं. ती सतरा वर्षांची होती आणि कधी नव्हे ती घाबरलेली दिसली.

"वैनी," ती म्हणाली, "आईनं त्येंच्याकडं शब्द दिलाय. मी तितं पयल्याच दिवशी खोटी पडलो, तर जन्मभर मला ऐकून घ्यावं लागंल. ती बाई सोडंल काय मला?"

ती सोडणार नाही हे मलाही दिसत होतं. माझं खोटं माझ्यापाशी राहिलं असतं तर राहिलं असतं. ते आता या पोरीच्या पदरात जाणार होतं. त्या दिवशी मला माझाच एवढा राग आला की ते वांगं मी चुलीत घातलं.

हात चालत नसेल तर माणसानं तोंड चालवावं. ते मला येत होतं. मी उठले आणि शेजारच्या चाचींकडे गेले.

आमची आणि त्यांची भिंत एक होती. त्यांचे मालक पतंग करायचे, आणि मोहरम जवळ आला की ताबूत सजवायचं काम घ्यायचे. ताबुताला लावायची जाळी, कमानी, बेगडाची फुलं. लोक मालकांचं नाव घ्यायचे. पण आमच्या माडीच्या खिडकीतून मला सगळं दिसायचं. कागदाची घडी घालून कात्री चालवणारे हात चाचींचे असायचे. अंगठ्याएवढ्या कागदातून त्या मोराची अख्खी पिसं काढायच्या, आणि तोंडानं जावेशी भांडण चालू असायचं.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला रुखवतातलं काय कळतंय? आमच्यात ही रीतच न्हाय."

"तुमाला कागद कळतो न्हवं?"

"कागद म्हंजे पोटापान्याचं काम, माय. ती काय कला हाय?"

"मग पोटाबिगर करून बघा की एकदा."

चाचींनी हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "कवापासनं यायचं?" मी म्हणाले, मीच येतो. आमच्या घरी बसून चालणारच नव्हतं. आत्या परत आल्या की सगळा पसारा लपवायचा कुठं? तेव्हा चाचींच्या घरी बसायचं ठरलं, तीन ते पाच.

मग मी गल्लीत फिरले. गल्लीत एक हुपरीची होती. तिचं माहेर हुपरीचं म्हणून सगळे तिला हुपरीवालीच म्हणायचे. लहानपणापासून घरच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्या जोडून जोडून तिची बोटं अशी झाली होती की डोळे मिटून ती तारेची कडी वळवायची. इथं आल्यावर तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. टोकाच्या घरात एक म्हातारी होती, ती डाळी-तांदळाची नक्षी मांडायची. गौरीपुढं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पाखडून शिजवायची. या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. नळावर कधीतरी घागरीला घागर लागली होती, त्याला सहा वर्षं झाली होती. मी दोघींनाही सांगितलं की दुसरी येणार नाही. झाली दोन खोटी आणखी. आणखी तिघी-चौघी आल्या त्या निव्वळ गंमत बघायला.

पहिला आठवडा पोपट आणि तोरणं झाली. चांगली झाली, पण नुसती चांगली. बायका जांभया द्यायला लागल्या. हुपरीवाली म्हणाली, "असलं तर समद्यांच्याच लग्नात असतंय की."

मग एके दिवशी चाचींनी पतंगाच्या उरलेल्या कामट्या घेतल्या आणि बोलता बोलता हुपरीवालीचं घर केलं. वीतभर उंच. तिच्या घराचं दार खाली घासायचं, कधी पुरतं लागायचं नाही. ते तसंच, अर्धं उघडं. हुपरीवालीनं ते दार बोटानं ढकलून पाहिलं. ते अडकलं. ती एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग जी ती म्हणायला लागली, आमचं करा, आमचं करा.

चाची म्हणाल्या, "मी एकटी किती करू? आपापलं करा. मी कामट्या देतो."

अशी आमची गल्ली सुरू झाली. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, रुखवतात कुठं गल्ली मांडतात का! पण मला कुणी विचारलं नाही, आणि चौथ्या दिवशी मी पण विसरले की हे रुखवत आहे. दुपार कधी होते असं व्हायचं. सकाळी नळावर बायका भांडी घासता घासता कौलं कशाची करायची ते ठरवायच्या. कुणी डाळिंबाच्या साली वाळवून आणल्या, त्यांची कौलं झाली. म्हातारीनं मोहरी आणि तीळ चिकटवून रस्ता केला, त्यात पावसाळ्यात पाणी साठतं तो खड्डासुद्धा केला. हुपरीवालीनं पितळी तारेचा नळ केला, त्याची चावी फिरायची. ती काही कामाची नव्हती, पण फिरायची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ती एकदा फिरवायची.

म्हातारीचं घर आणि हुपरीवालीचं घर लागून होतं. भिंत एक. तेव्हा भिंतीची उंची दोघींनी मिळून ठरवणं भाग होतं. पहिले दोन दिवस त्या माझ्यामार्फत बोलल्या. "तिला सांग, बोटभर खाली घे म्हनावं." दोघी हातभर अंतरावर बसलेल्या, आणि मी मध्ये निरोप्या. तिसऱ्या दिवशी मी वैतागले. "मला काय पगार हाय काय?" म्हणून उठून गेले. परत आले तर दोघी भिंतीवर एकत्र पिठाची खळ लावत होत्या आणि नळावर त्या दिवशी खरी चूक कुणाची होती यावर मन लावून भांडत होत्या. सहा वर्षांचं साठलेलं होतं, त्याला आठवडा लागला. पण बोलणं सुरू झालं.

मोठा घोटाळा झाला तो नळावरच्या रांगेचा. प्रत्येकीनं आपापली चिंधीची बाहुली केली, हातात मण्याएवढी घागर दिली, आणि प्रत्येकीनं आपली बाहुली रांगेत पहिली लावली. दुसरी कुणी व्हायला तयार नाही. बाहुल्यांची ढकलाढकल सुरू झाली. शेवटी मी सगळ्या बाहुल्या उपटल्या आणि नळाभोवती गोल लावल्या. "घ्या. आता समद्याच पयल्या!" असं मी जरा चिडूनच म्हणाले. पण ते सगळ्यांना एवढं आवडलं की तसंच राहिलं.

आमचं घर मात्र माझ्यावर आलं. ज्याचं त्यानं, हा नियम. मी पुठ्ठा कापला, चिकटवला. आमचा सोपा एका अंगाला असा कलला की जणू घराला भोवळ आली आहे. चाची म्हणाल्या, मी सरळ करून देतो. पण सगळ्या मध्ये पडल्या, नियम म्हणजे नियम. नणंद म्हणाली, असू दे वैनी, लांबनं बघितलं तर कळत न्हाय. लांबून बघितलं तर जास्तच कळत होतं.

दीड महिना आत्यांना पत्ता नव्हता. मी घरी येऊन हाताला लागलेली खळ धुवायचे. त्या म्हणायच्या, "दमतीस ग पोरी. कुठं ठेवलंयस समदं? दाव की." मी म्हणायचे, एकदम मांडवात दाखवीन. त्या समजुतीनं मान हलवायच्या. मला त्यांच्या तोंडाकडं बघवायचं नाही.

आणि एका दुपारी पुराणिकबुवांना ताप आला. पुराण झालंच नाही. आत्या साडेतीनला परत आल्या. त्यांना घर रिकामं दिसलं, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा गोंगाट ऐकू आला. त्या सरळ चाचींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता.

आत सात-आठ बायका खाली वाकून कामात. मध्ये मी, हात रिकामे, भिंतीला टेकून, कुणाची तरी नक्कल करून दाखवत होते. आत्यांनी सगळीकडे नजर फिरवली. कोण काय करतंय ते बघितलं. मग माझे हात बघितले.

"तू काय करायलीयास?"

चाची पटकन म्हणाल्या, "ती शिकवायलीया की आमास्नी."

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं, मी हलवावी. पण चार वर्षं ते ओझं वागवून मी खरंच दमले होते.

"न्हाय आत्या," मी म्हणाले. "मला काय येत न्हाय. माझं रुखवत मावशीनं केलतं. मला सुईत दोरा धड ओवता येत न्हाय."

आत्यांनी विचारलं, "ह्या समद्यांस्नी ठाऊक हाय?"

नणंदेनं मान खाली घातली. त्यांना कळलं.

"म्हंजे समद्या गल्लीला ठाऊक," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मलाच तेवढं न्हाय."

आणि त्या गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या माझ्याशी, पोरीशी, कुणाशी बोलल्या नाहीत. घरात भांडी वाजायची तेवढाच आवाज. मी त्यांची फसवणूक केली होती, याची मला लाज होतीच. पण गल्लीभर ज्या सुनेचं कौतुक त्या सांगत फिरल्या, त्याच गल्लीत आता त्या मान वर करून कशा चालणार, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. ते आलं तेव्हा मी मोरीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मामंजींना कार्ड लिहायला बसवलं. जयसिंगपूरला कळवा, रुखवत मिळणार नाही. मामंजींनी कार्ड पुढं घेतलं आणि चष्मा शोधायला लागले. तो त्यांना झोपेपर्यंत सापडला नाही. चष्मा त्यांच्या खिशात होता, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता आत्यांनी पदर सारखा केला आणि निघाल्या. मला वाटलं, देवळात. मी आपली भीत भीत चाचींकडे गेले, आता सगळं आवरून टाकू म्हणून. आणि बघते तर आत्या तिथं आधीच बसलेल्या. आत्या गल्लीकडे बघत होत्या, एकेक घर, एकेक दार. नळाची चावी त्यांनी फिरवून बघितली. मग त्यांचं बोट आमच्या घरावर येऊन थांबलं.

"ह्ये आमचं?"

"व्हय," मी म्हणाले.

"माझा सोपा असा हाय?"

मी घर हातानं सरळ करायला गेले, तर ते आणखी कललं.

"माझं लग्न होऊन तीस वर्सं झाली. रोज सारवतो मी तो सोपा," आत्या म्हणाल्या. "जयसिंगपूरच्या लोकांनी तो असा वाकडा बघायचा? सरक. मलाबी ह्यातलं काय येत न्हाय. पर ह्येच्यापेक्षा बरं करीन." त्यांनी खळीच्या भांड्यात बोट घातलं आणि तोंड वाकडं केलं. "ही काय खळ म्हनायची काय? पातळ पानी हाय नुस्तं." आणि ते भांडं घेऊन त्या उठल्या आणि सरळ चाचींच्या चुलीपाशी गेल्या. पीठ कुठं आहे ते त्यांनी विचारलं. चाची जागेवरून उठायच्या आत त्यांनी चूल फुंकायला सुरुवातसुद्धा केली होती.

घर काही फार सुधारलं नाही. आता ते दुसऱ्या अंगाला कललं. पण आत्या रोज यायला लागल्या. माझ्याशी बोलणं कामापुरतंच. "कात्री दे." "सरक." मला क्षमा केली की नाही ते कळत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती. पुराणाला किती दिवस दांडी मारली ते त्यांनाच ठाऊक.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या कडेला रुखवत मांडलं. लाडू-करंज्या होत्या, पोपट-तोरणं होती, आणि मध्ये दोन पाटांवर आमची गल्ली. वर पांढरी चादर. गल्लीतल्या सगळ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून मागं उभ्या. चाचीही होत्या, कडेवर जावेचं पोर. रीतीप्रमाणं चिठ्ठी लावायची वेळ आली तेव्हा नणंदेनं माझ्याकडे बघितलं, मी आत्यांकडे. आत्यांनी चिठ्ठी लावू दिली नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

चादर काढली. जयसिंगपूरची मंडळी पुढं आली. ती आत्याबाई सगळ्यांत पुढं. ती हळूच गुडघे टेकून बसली. मग नळाची चावी फिरवली. नंतर मान वर करून तिनं मोठ्यांदा विचारलं, "सुनंनं केलं न्हवं ह्ये? बोलला हुतासा तसं?"

नणंद बोहल्याजवळ मान खाली घालून उभी होती. तिनं शालूचा पदर मुठीत धरलेला मला दिसला. आत्या 'व्हय' म्हणाल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. मांडवातल्या एकानंही वेगळं सांगितलं नसतं.

"न्हाय," आत्या म्हणाल्या. तोच आवाज, टोकाचं कुत्रं उठवणारा. "आमच्या सुनंला सुईत दोरा ओवता येत न्हाय. पयलं रुखवतबी तिचं न्हवतं. मला ठाऊक न्हवतं, म्हनून तुमाला तसं बोललो. ठाऊक झालं, म्हनून आता सांगतो. ह्ये गल्लीनं केलंय." आणि त्यांनी एकेकीकडे बोट दाखवलं. "कागद हिच्या हातचा. तार हिची. रस्ता त्या म्हातारीचा. आनि त्यो वाकडा सोपा माझा."

ती बाई उठून उभी राहिली. "मग सुनंनं काय केलं ह्यात?" तिनं विचारलं. तिचा आवाज काही गोड नव्हता.

मी तिथून निघून जाणार होते. पाय उचलला पण होता.

"तिनं आमास्नी बोलावलं," आत्या म्हणाल्या. "घरोघर जाऊन. भिंतीला भिंत असून मी ह्या शेजारनीच्या घरात कवा बसलो न्हवतो. ह्या दोघी एकमेकींचं त्वांड बघत न्हवत्या. तीस वर्सं हाय मी ह्या गल्लीत. मला ह्ये जमलं न्हाय. हिला जमलं."

ती बाई पुन्हा खाली वाकली. "आनि ही नळावरची गोल रांग कसली? कोल्हापुरात काय बायका नळाला फेर धरत्यात व्हय?" मागनं चाची म्हणाल्या, "त्यातली पयली मी हाय!" आणि लगेच हुपरीवाली म्हणाली, मी, आणि म्हातारी म्हणाली, मी. सगळा मांडव हसायला लागला, आणि ती बाईपण. नणंदेनं मान वर केली, आणि मूठ सोडली.

मी मात्र स्वयंपाकघरामागं गेले आणि हुंदके देऊन रडले. पाठीवर हात पडला तो आत्यांचा. "रडायलीस काय?" त्या म्हणाल्या. "पंगत बसायलीया. चल, वाढायला तरी येतंय न्हवं तुला?"